गिलावा होण्याआधी

दापोलीजवळच्या आमच्या गावात जुनं घर उतरवून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा मी पुण्यात नोकरीला आणि आई गावात एकटी. त्याच्या आदल्या पावसाळ्यात, वीज गेलेल्या रात्री ती मागच्या पडवीत घसरून पडली होती. मनगट मोडलं. सकाळी शेजारच्या काकू फुलं न्यायला आल्या तेव्हा कळलं. नव्या घराच्या वहीत मी पहिल्या पानावर तीनच ओळी लिहिल्या: रात्री आईला बटण चाचपडायला लागू नये, फाटकाशी कोण आलंय ते तिला खुर्चीतून दिसावं, वीज किंवा इंटरनेट गेलं तरी यातलं काही बंद पडू नये. तिसऱ्या ओळीचं कारण कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ येऊन गेल्यावर दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस अंधार होता, मोबाइलला रेंज नव्हती.

इतकं लिहूनही पहिले दोन महिने मी भलत्याच कामात घालवले. कोणता स्पीकर, कोणता कॅमेरा, कोणतं ॲप, याच्याच तुलना. मग एका बुधवारी वायरमनचा फोन आला, "भाऊ, स्लॅबची सळई बांधून झाली. शनिवारी काँक्रीट. तुमचे ते जास्तीचे पाइप कुठनं न्यायचे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच रात्रीची एसटी धरली.

गुरुवार-शुक्रवार आम्ही दोघं सेंटरिंगवर उन्हात बसून होतो. यंत्रं पाच-सात वर्षांनी बदलतात, स्लॅबमधला पाइप कायमचा असतो, हे त्या दोन दिवसांत मला नीट कळलं. आमच्या भिंती जांभ्याच्या. शेजारच्या तशाच घरात मी फोन घेऊन फिरून पाहिलं होतं. राउटर माजघरात ठेवला तर दोन भिंतींपलीकडे स्वयंपाकघरात ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जवळजवळ संपतं. त्यामुळे वायफायच्या भरवशावर घर आखायचं नाही, प्रत्येक खोलीत नेटवर्कची केबल न्यायची असं ठरवलं. एकूण १४ पॉइंट. सगळ्या केबली एकाच कपाटात येणार. आराखड्यात ते कपाट जिन्याखाली होतं. तिथे जोत्याची ओल चढते, म्हणून ते माजघराच्या भिंतीत छातीच्या उंचीवर घेतलं आणि दाराला जाळी ठेवली.

विजेचे आणि नेटवर्कचे पाइप वेगळे, मध्ये फूटभर अंतर, एकमेकांना ओलांडायचे असतील तर काटकोनात. टीव्हीमागे मात्र ४० मिमीचा जाड पाइप, कारण टीव्हीला चित्र-आवाज नेणाऱ्या एचडीएमआय वायरचं डोकं २५ मिमीच्या पाइपात वळणावर अडकतं.

वायरमनशी एकाच गोष्टीवर बराच वेळ बोलणं झालं. "बटणाच्या बोर्डात न्यूट्रल कशाला? दिव्याला वर मिळतोय की." त्याचं बरोबर होतं, साध्या बटणाला फेज पुरतो. पण दिवा आपोआप चालू-बंद करायला बटणामागे जे छोटं रिले मोड्यूल बसवायचं, त्याला स्वतःला चालायला वीज लागते, म्हणून न्यूट्रल हवा. मी ते मोड्यूल त्याच्या हातात दिलं, त्याने बॅटरीवरच्या दिव्याला जोडून पाहिलं आणि मग आपणहून म्हणाला, "मग डबेपण खोल घेऊ, नाहीतर बटण बसायचं नाही." त्याचं हे वाक्य पुढे किती उपयोगी पडलं! त्या मोड्यूलमुळे जुनं बटण तसंच राहतं. आईने हाताने दाबलं तरी दिवा लागतो, आपोआप लागायचा तेव्हाही लागतो. जिथे हाताने बटण चालणार नाही, अशी एकही वस्तू मी घरात घेतली नाही. सगळ्याला हुकूम देणारं होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर कपाटातच चालतं. सेन्सर झिगबी या वायफायपासून वेगळ्या बिनतारी जोडणीवर. घरातले दिवे आणि कॅमेरे बाहेरच्या सर्व्हरवर अवलंबून नाहीत.

गिलावा सुरू होण्याआधी मी प्रत्येक भिंतीचा फोटो काढला, भिंतीत कोरलेल्या झिऱ्यांमधल्या पाइपांशेजारी मोजपट्टी उभी धरून. गवंडी थांबून राहायचे. तुम्हीही असे फोटो काढाच.

खरा मनस्ताप केबलीने दिला. जवळच्या शहरातल्या एका दुकानातून नेटवर्कच्या कॅट-६ केबलची दोन बंडलं आणली होती. रंगकाम झालं, कॅमेरे लागले, दिवसा सगळं झकास. अंधार पडला की विहिरीकडचा कॅमेरा दर काही मिनिटांनी बंद पडून पुन्हा चालू व्हायचा. मी कॅमेरा बदलला, कपाटातल्या नेटवर्क स्विचचा पोर्ट बदलला, चार दिवस गेले. शेवटी केबलचं टोक कापून चाकूने तार खरवडली. आत पांढरं निघालं. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार! या कॅमेऱ्यांना वीजही त्याच केबलमधून जाते. ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. दिवसा भागायचं, पण रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की ओढ वाढायची, ४२ मीटरच्या टोकाला दाब कमी पडायचा. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. बंडलावर छापलेलं वाचून समाधान मानू नका, पैसे देण्याआधी एक तार खरवडून बघा.

शुद्ध तांब्याची केबल आणून जुनीला बांधून ओढली. १३ पाइपांतून सहज गेली, चौदाव्यात अडकली. फोटो काढून ठेवलेले होते. त्यात दिसलं, जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर गोल वळणाऐवजी काटकोनी एल्बो बसलाय. तेवढाच हातभर गिलावा फोडला.

विजेच्या कडकडाटाची भीती मला पहिल्यापासून होती. वळीव आणि परतीचा पाऊस, दोन्ही वेळा आमच्याकडे आकाश फाटतं. फाटकापर्यंतची केबल २८ मीटर उघड्या अंगणातून जाते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना विजेचा झटका जमिनीत सोडणारे सर्ज प्रोटेक्टर. ते अर्थिंगशिवाय निरुपयोगी, आणि जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत. अर्थिंगचा खड्डा खोल घेतला. एप्रिल-मेमध्ये आई तुळशीबरोबर त्यातही पाणी ओतते.

कॅमेऱ्यांबद्दल तिने एकदाच सांगितलं, "घरात नको. मी पदर कसा घेते ते कुणी बघायला नको." मी वाद घातला नाही. ती पुन्हा पडली तर, हा विचार मनात होता, तरीही. कॅमेरे चारच आणि चारही बाहेर: फाटक, अंगण, मागची पडवी, विहीर. प्रत्येकी २ एमबीपीएस धरले तर दिवसाला साधारण ८६ जीबी होतात, २ टीबीच्या डिस्कवर तीन आठवड्यांचं चित्रण राहतं. रात्री कोळ्याच्या जाळ्यांनी खोट्या सूचना येतात, म्हणून दर रविवारी केरसुणी फिरवावी लागते. घरात फक्त हालचाल ओळखणारे सेन्सर. सकाळी सातपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल झाली नाही तर मला आणि शेजारच्या काकूंना फोनवर सूचना येते.

कपाटातल्या सगळ्या यंत्रांना मिळून साठेक वॉट लागतात. त्यांना १५० एएचच्या बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर आहे, त्यावर पंखे नाहीत.

त्याच कपाटातल्या दुसऱ्या डिस्कवर बाबांच्या ४३ कॅसेटी उतरवल्यात. गावातली भजनं, शिमग्यातल्या रात्री, मध्येच बाबांचं खोकणं. एचडीएमआयची लांब वायर न टाकता नेटवर्कवरूनच ती टीव्हीला आणि पडवीतल्या स्पीकरला मिळतात. आईला यादीतून निवडणं जमत नव्हतं, म्हणून झोपाळ्याशेजारी एक बटण बसवलं. दाबलं की आदल्या दिवशी जिथे थांबलं तिथून पुढे.

गेल्या श्रावणात मी गावी होतो. रात्री अडीचला वीज गेली. थोड्या वेळाने आईच्या खोलीचं दार वाजलं, आणि खाली भिंतीच्या कडेने एकेक पिवळा दिवा लागत गेला, पडवीपर्यंत. ती मोरीकडे गेली, परत आली. दार लागलं. दोन मिनिटांनी दिवे विझले.