डोळ्यांतले थेंब आणि आईची नाडी

गेल्या पावसाळ्यात आईला देवघरापाशी दोनदा भोवळ आली, तेव्हा आम्ही सर्वांनीच त्याचे खापर तिच्या ७८ वर्षांच्या वयावर आणि एकादशीच्या उपासावर फोडले. करोनाच्या काळात आणलेला ऑक्सिमीटर सहज तिच्या बोटाला लावला, तर प्राणवायू ९७ होता, पण नाडीचा आकडा ४४ होता. मनगटावर बोटे ठेवून मी मिनिटभर ठोके मोजले. तेही तेवढेच भरले.

रक्तदाबासाठी ती कित्येक वर्षे मेटोप्रोलॉल घेत होती. अॅड्रेनॅलिनचा हृदयावरील परिणाम अडवून ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातले हे औषध आहे, त्यामुळे ते घेणाऱ्याची नाडी थोडी उतरणे अपेक्षितच असते. मात्र त्यासोबत भोवळ, धाप किंवा कमालीचा थकवा असेल, तर थांबून चालत नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी ईसीजी काढला आणि सगळी औषधे दाखवायला सांगितली. मी गोळ्यांचा डबा पुढे केला. तो पाहून त्यांनी आईला विचारले, “आजी, डोळ्यांत काही घालता का?”

काचबिंदूसाठी चार महिन्यांपूर्वी सुरू झालेले टिमोलॉलचे थेंब आमच्यापैकी कोणालाही औषध म्हणून आठवले नव्हते. टिमोलॉल हाही बीटा ब्लॉकरच आहे. डोळ्यांत घातलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात जातो. पोटात घेतलेल्या गोळीचा बराच अंश यकृतात आधीच निकामी होतो, तसे या थेंबाचे होत नाही. उतारवयात हृदयाला ठोके देणारी यंत्रणा मुळातच क्षीण झालेली असते, त्यामुळे हा दुहेरी भार आईला पेलला नाही. नेत्रतज्ज्ञांकडे याची नोंद कशी राहून गेली, हा प्रश्न मला अजूनही अस्वस्थ करतो, कारण त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

दोन्ही डॉक्टरांनी आपसांत बोलून थेंब बदलले. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, असे त्यांनी निक्षून बजावले, कारण बीटा ब्लॉकर अचानक थांबवल्यास रक्तदाब उसळतो आणि छातीत दुखूही शकते. आठवड्याभरात नाडी ६२ वर आली. नवा थेंब घातल्यावर आई डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरते, आणि ती बाटली आता गोळ्यांच्याच डब्यात असते.