आमची वाटचाल : बोटीच्या शाफ्टपासून संरक्षण दलांच्या नमुन्यांपर्यंत

बाबांनी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ पत्र्याच्या शेडमध्ये जुनी लेथ टाकली ती १९८७ साली. काम सगळं मच्छीमार बोटींचं : वाकलेला शाफ्ट सरळ करायचा, पंख्याची तुटलेली पात भरायची, झिजलेलं बुश नवीन करून द्यायचं. बोट बंदरात अडकली की दहा घरांची चूल अडकते, असं ते म्हणायचे. रात्री दोनला कोणी दार वाजवलं तरी उठून मशीन चालू करायचे. आज आमचं काम पार बदललं आहे, आता आम्ही सैन्यदलांसाठीच्या उपकरणांचे पहिले नमुने बनवतो, पण घाई कशाची करायची आणि कशाची नाही, हे मी त्या शेडमध्येच शिकलो.

पुण्यात भोसरीच्या एका टूलरूममध्ये सहा वर्षं नोकरी करून २०१४ साली मी रत्नागिरीला परत आलो. मिरजोळे एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला, कर्जावर संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं सीएनसी मिलिंग मशीन आणलं आणि दोन वर्षांनी प्लास्टिकचे थर एकावर एक रचून वस्तू बनवणारा पहिला थ्रीडी प्रिंटर. बाबांनी त्यातून निघालेला पहिला तुकडा हातात घेतला, नखाने थर चाचपले आणि विचारलं, "ह्याच्यावर वजन टाकलंस तर?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधण्यातच आमची पुढची दहा वर्षं गेली.

एप्रिल २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स योजना सुरू झाली आणि लहान कंपन्यांना सैन्यदलांच्या गरजांवर थेट काम करायची वाट मोकळी झाली. त्यात दीड कोटी रुपयांपर्यंतचं अनुदान मिळू लागलं, पण तेवढीच रक्कम कंपनीने स्वतः घालायची आणि पैसे कामाच्या टप्प्याटप्प्याने मिळणार. टप्पा गाठला हे दाखवायला हातात वस्तू लागते, नुसतं ड्रॉइंग चालत नाही. पुण्याच्या अशाच एका नव्या कंपनीला गस्ती बोटीवर वापरायच्या एका उपकरणाची पेटी हवी होती. आत काय बसणार ते आम्हाला सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. बाहेरचं माप, वजन आणि पाण्यापासून संरक्षण, एवढंच आमचं काम.

मोल्ड म्हणजे पोलादी साचा करून प्लास्टिकची पेटी काढायची तर मोल्डलाच काही लाख लागतात आणि दीड-दोन महिने जातात. त्यानंतर चूक सापडली तर पोलाद पुन्हा कापायचं. आम्ही आधी रात्रभर प्रिंटर चालवून नुसता बाहेरचा आकार काढला. पोकळ पेटी हातात घेऊन काही कळत नाही, म्हणून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आत भरून खरं वजन आणलं. मग कंपनीची परवानगी घेऊन तो आकार मिरकरवाड्याला ओळखीच्या एका तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या हातात दिला. तो नुकताच जाळं ओढून आला होता. ओल्या हाताने त्याने खटका उघडायचा प्रयत्न केला, तीन वेळा बोट निसटलं. "ह्यो खटका एसीत बसणाऱ्या माणसाचा हाय," तो म्हणाला. आमच्या सगळ्या ड्रॉइंगमध्ये खटका बारा मिलिमीटर रुंद होता. तो बावीसचा केला, कडेला खाचा दिल्या, मग रबरी हातमोजे घालून पुन्हा उघडून पाहिला. नऊ दिवसांत पाच आकार झाले. पाचही मिळून जो खर्च आला तो मोल्डच्या एका दुरुस्तीपेक्षा कमी होता.

पण याच कामात आम्ही मोठी चूक केली, तीही सांगायला हवी. प्रिंट केलेल्या पेटीत ओ-रिंगची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची खाच थेट छापून घेतली होती. पाण्याच्या टाकीत पेटी बुडवली आणि अर्ध्या तासात आत पाणी. रिंग चांगली होती, दाबही बरोबर होता, पण खाचेच्या तळाशी प्रत्येक थराची बारीक रेघ होती आणि पाणी त्या रेघांतून शिरत होतं. तेव्हापासून सीलची जागा आम्ही कधीच छापलेली ठेवत नाही, ती मशीनवर कापूनच घेतो. दुसरा एक नमुना पीएलए प्लास्टिकचा होता. मे महिन्याच्या दुपारी बंद गाडीत राहिला आणि झाकण केळीच्या पानासारखं वाकलं. ते प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास नरम होतं, हे मला माहीत होतं, तरी घाईत तेच वापरलं. आता बाहेर जाणारा तुकडा एएसए नावाच्या प्लास्टिकचा किंवा नायलॉनचाच. नायलॉन आमच्या हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात त्याची रिळं सुकवणीच्या डब्यात ठेवावी लागतात, नाहीतर छपाईत बुडबुडे येतात.

वीस-पंचवीस नगांची चाचणी करायची वेळ आली की आम्ही सिलिकॉनचा साचा करून त्यात पॉलियुरेथेन हे पातळ प्लास्टिक ओततो. एका साच्यातून साधारण तेवढेच नग नीट निघतात. अ‍ॅल्युमिनियमची पेटी असेल तर अखंड ठोकळ्यातून कापतो आणि वर कठीण थर चढवायला हार्ड अ‍ॅनोडाइझ करून आणतो.

इथे मला नव्या मंडळींना कळकळीने सांगायचं आहे. नमुना लवकर झाला म्हणजे उत्पादन तयार झालं असं नाही. सैन्यदलांसाठीच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना जेएसएस ५५५५५ या चाचणीच्या मानकाप्रमाणे उष्णता, थंडी, कंप, धक्का, दमटपणा, खारं धुकं अशा चाचण्यांतून जावं लागतं. प्रिंटर त्या चाचण्या लहान करत नाही. तो चाचणीच्या आधीचे आठवडे वाचवतो आणि तेच आठवडे चाचणीला द्यायचे असतात. खाऱ्या धुक्याच्या चाचणीत पाच टक्के मिठाचं पाणी पस्तीस अंशांवर फवारतात. त्यासाठी आंबा घाट चढून पुण्याला जावं लागतं, म्हणून तुकडे पाठवण्याआधी आम्ही ते जेटीच्या खांबाला दोरीने बांधून ठेवतो. भरतीला बुडतात, ओहोटीला वाळतात. पहिल्याच खेपेला स्टीलच्या स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमली होती. बोटाने पुसली तर खाली खड्डा. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, हे बाबांना बोटीच्या कामातून पाठ होतं. नायलॉनचे वॉशर त्यांनीच सुचवले. पुण्याच्या चाचणीत ती जोडणी टिकली.

पैशांचं मात्र अजून दुखतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल पंचेचाळीस दिवसांत द्यावं असा २००६ चा कायदा आहे, पण आमच्याकडून काम करून घेणाऱ्या एका मोठ्या पुरवठादाराने आमचं बिल सात महिने थांबवलं. त्या काळात दोन मुलांचे पगार आईच्या ठेवीतून दिले. ती मुलं आयटीआयची, इथलीच. आज एक जण डिझाइन करतो, दुसरा सीएनसी सांभाळतो. दोघांनीही मुंबईची वाट धरली नाही, हे मला आमच्या कोणत्याही ऑर्डरइतकंच मोठं वाटतं.

सध्या जेटीच्या खांबाला सहा तुकडे बांधलेले आहेत, तीन वेगवेगळ्या लेपांचे. एक जूनला मासेमारी बंदी लागली त्या दिवशी बांधले. नारळी पौर्णिमेनंतर बाबा आणि मी ते काढायला जाणार आहोत. भिंग बाबांनी आत्ताच पुसून ठेवलं आहे.