कोरड्या झाडाखालचे पाणी

इंग्रज लेखक विल्यम मॉरिस यांनी लिहिलेल्या आणि त्यांच्याच केल्मस्कॉट छापखान्यातून १८९६ मध्ये बाहेर पडलेल्या ‘द वेल ॲट द वर्ल्ड्स एंड’ या कादंबरीच्या मुद्दाम जुनाट वळणाच्या इंग्रजीने मला सुरुवातीला चांगलेच जेरीस आणले. मध्ययुगीन रोमान्सकथांचा, म्हणजे शूरवीरांच्या साहसकथांचा, तो बाज अंगवळणी पडला, तेव्हा कुठे गोडी लागली. अपमीड्स या चिमुकल्या राज्याचा धाकटा राजपुत्र राल्फ घरातून निसटतो आणि पुढे जगाच्या टोकावरील विहिरीच्या शोधाला लागतो, एवढेच कथासूत्र (आणि ते, खरे सांगायचे तर, मधूनमधून रेंगाळते). वाळवंटातले ते कोरडे झाड मात्र काही केल्या विसरवत नाही: भोवती विहिरीच्या शोधात निघालेल्यांची सुकलेली प्रेते, पायथ्याशी पाणी, आणि ते पिताच गतप्राण होणारा कावळा.