न सापडलेल्या लायसन्सचा हिशेब: आमची वाटचाल

जोगेश्वरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती कॉम्प्युटर दुरुस्ती आणि एएमसीने, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कंत्राटांनी. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून आणायचे आणि अंधेरी-गोरेगावच्या ऑफिसांतली मशीन चालती ठेवायची. पुढे ग्राहकच विचारू लागले, "आमच्याकडे सॉफ्टवेअरची लायसन्स किती, वापर किती, बघून सांगाल का?" काळजी रास्त होती. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे बेकायदा प्रत धंद्यात जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

स्कॅनिंगचं टूल नेटवर्कवरची मशीन मोजतं. एका ग्राहकाचा टूलचा रिपोर्ट अगदी स्वच्छ होता. भिवंडीच्या गोदामात गेलो, तर पॅकिंगच्या टेबलाखाली एक कॉम्प्युटर होता. त्यावर लेबलं डिझाइन करायचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि नेटची केबल मुद्दाम काढून ठेवलेली. टूलच्या लेखी हे मशीन अस्तित्वातच नव्हतं. आमच्या धंद्याची दिशा तिथे बदलली.

माझी भागीदार स्टॅटिस्टिक्स शिकलेली. साताऱ्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पिकाच्या उताऱ्याचा अंदाज काढण्यासाठी यादृच्छिक नमुन्याची पद्धत देशात रुजवली, ती तिला पाठ. पीक कापणी प्रयोगात बांधाजवळचा सोयीचा तुकडा घेता येत नाही, चिठ्ठीने निघेल तोच घ्यावा लागतो. तसंच आम्ही ठरवलं: यादी टूलची नाही, खरेदी रजिस्टरची. त्यातून शाखा आणि विभागवार चिठ्ठ्या काढाव्यात तशी मशीन निवडायची. "साहेब, हे बंद आहे, शेजारचं बघा," असं हमखास ऐकायला मिळतं. आम्ही शेजारचं बघत नाही. बंद मशीन चालू करून घेतो, कारण गडबड बहुतेकदा तिथेच असते.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. दोघांनी एकमेकांना न विचारता तपासायचं. समजा एकाला ३० उल्लंघनं सापडली, दुसऱ्याला २४, त्यात समान १८. म्हणजे पहिल्याच्या ३० पैकी ६० टक्के दुसऱ्याला सापडली, तर त्याची २४ ही एकूणच्या ६० टक्के धरायची: ३० गुणिले २४ भागिले १८, म्हणजे एकूण सुमारे ४०. दोघांची मिळून हाती आलेली ३६, म्हणजे साधारण ४ अजून लपलेली. दोघांनी एकच टूल वापरलं तर मात्र दोघांच्या नजरेतून तेच सुटतं आणि अंदाज कमी येतो. म्हणून आमच्यातला एक टूलने तपासतो, दुसरा बिलं बघून आणि प्रत्यक्ष मशीनपाशी जाऊन.

एका कंपनीला रिपोर्टमध्ये "उल्लंघन शून्य" असं लिहून हवं होतं. मोठ्या संख्येतून निवडलेल्या १०० मशीनमध्ये एकही सापडलं नाही, तरी ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की प्रमाण ३ टक्क्यांच्या आत आहे. आम्ही तेवढंच लिहिलं. ते काम गेलं. पण त्यानंतर जे सीए आमच्याकडे ग्राहक पाठवू लागले, ते याच वाक्यामुळे.

आता राउटर आणि डीव्हीआर (सीसीटीव्हीचा रेकॉर्डर) यांच्या फर्मवेअरचं, म्हणजे उपकरणातच बसवलेल्या सॉफ्टवेअरचं काम घेतोय. त्यात बहुतेकदा लिनक्स असतं, आणि त्याच्या जीपीएल या लायसन्सप्रमाणे मागणाऱ्या ग्राहकाला सोर्स कोड द्यावा लागतो. कोणत्या मॉडेलमध्ये तो दिला जात नाही, याचे नमुने काढणं सुरू आहे.