बिडाची जुनी भांडी: गंजलेलं घ्यावं, चकचकीत काळं तपासून घ्यावं

सध्या हाताखाली बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे (कास्ट आयर्न), तीन नग आहेत. एक खोल कढई, बाहेरून किटणाने इतकी माखलेली की मूळ आकार अंदाजाने ओळखावा लागतो. एक सपाट तवा, काठापासून मध्यापर्यंत तांबूस गंजलेला. आणि दांड्याचा एक छोटा पॅन, जो विकणाऱ्याने तेल चोळून काळाभोर करून ठेवला होता. गंजका तवा जवळजवळ फुकटात आला, सगळ्यांत जास्त पैसे पॅनचे पडले आणि आता सगळ्यांत जास्त छळतोय तोही पॅनच. या छंदात असं वारंवार होतं. लोक गंजाला घाबरून भाव पाडतात आणि चकाकीला भुलून वाढवतात, पण गंज निघतो. जे निघत नाही, ते नेमकं तेलाच्या त्या काळ्या हाताखाली लपतं.

म्हणून मी घेताना रंग बघतच नाही. भांडं दांड्याला धरून लोंबतं ठेवायचं आणि लाकडी चमच्याने हलकेच ठोकायचं. धड असेल तर आवाज घुमतो, तडा असेल तर बद्द वाजतं. बारीक चिरा बहुधा काठावर किंवा दांड्याच्या मुळाशी असतात, तिथे नख फिरवून बघायचं. मग बुडावर सरळ पट्टी उभी धरून तिच्याखालून उजेड येतो का ते पाहायचं. बूड फुगलेलं असेल तर भांडं सपाट शेगडीवर डगडगतं आणि गोल फिरतं. पोलाद ठोकून सरळ करता येतं, बीड नाही. त्यात 2 ते 4 टक्के कार्बन असतो, त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. त्या पापुद्र्यांमुळेच बीड ठिसूळ असतं. हातोडा मारला तर वाकत नाही, तुटतं. चीर वेल्डिंगने सांधता येते म्हणतात, येतेही, पण आधी तापवा, निकेलची कांडी वापरा, मग राखेत हळूहळू थंड करा, एवढा खटाटोप एखाद्या दुर्मिळ नगासाठीच ठीक. चीर दिसली की मी भांडं परत ठेवतो.

जुन्या भांड्यांचं एक वेड मलाही आहेच. बुडावर मधोमध लांबट, उंच रेघ दिसली तर ती साच्यात धातू ओतल्याची खूण असते आणि असे नग साधारण 1890 च्या आधीचे निघतात. ग्रिसवोल्ड, वॅगनर या बंद पडलेल्या अमेरिकन कारखान्यांचे नग आतून मशीनवर गुळगुळीत केलेले आणि वजनाला हलके असतात. आजचे बरेचसे तवे वाळूच्या साच्यातून निघालेले तसेच खरखरीत विकले जातात. पण शिक्क्यासाठी वाट्टेल तो भाव देणं मला पटत नाही. शिक्का नसलेलं गुळगुळीत बीडही तितकंच छान चालतं.

आणखी एक तपासणी, जी बरेच जण टाळतात: शिसं. गळाची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतायला जुन्या बिडाच्या भांड्यांत शिसं वितळवलं जायचं. थोडं किटण खरवडून उघड्या धातूवर तपासणीची काडी फिरवायची, आणि हे भांडं किटण काढायला कॉस्टिक सोड्यात बुडवण्याआधी करायचं. शिसं सापडलं तर ते भांडं पुन्हा चुलीवर चढवायचं नाही, मग ते कितीही देखणं असो. माझे तिन्ही नग यातून सुटले.

कढई सध्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात आहे. झाकणाची प्लास्टिकची बादली, लिटरला साधारण 25 ग्रॅम सोडा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. जळून घट्ट झालेल्या तेलाचा सोडा साबण करून टाकतो, लोखंडाला मात्र हात लावत नाही, त्यामुळे भांडं जास्त दिवस राहिलं तरी बिघडत नाही. ॲल्युमिनियमचं झाकण किंवा मूठ मात्र चुकूनही बुडवू नका. सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. थंडीत हे काम फार रेंगाळतं. बाहेरच्या बाजूचं किटण आता खपल्यांनी सुटू लागलंय. आगीत टाकून किटण जाळण्याचा जुना उपाय झटपट आहे खरा, पण त्याच्याबद्दल पॅनपाशी बोलतो.

गंजावर कॉस्टिक सोडा काहीच करत नाही, म्हणून तवा इलेक्ट्रोलिसिसला, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज काढायला, लावला. पाण्यात लिटरला लहान चमचाभर धुण्याचा सोडा, जुना बॅटरी चार्जर, ऋण टोक तव्याला, धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला. स्टेनलेस स्टीलचा पत्रा नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. इथेही हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, आणि हात घालण्याआधी चार्जर बंद. पत्र्यासमोरची बाजूच नीट साफ होते, म्हणून तवा मधूनमधून फिरवला. व्हिनेगरनेही गंज जातो, पण अर्ध्या पाण्यात मिसळून आणि अर्ध्या तासाच्या आत. त्यापुढे ते लोखंडच खायला लागतं.

तवा बाहेर आला तेव्हा राखाडी, मऊसर रंगाचा होता आणि धुऊन पुसेपर्यंत त्यावर पिवळट झाक चढायला लागली. उघडं बीड काही मिनिटांत गंजतं, म्हणून लगेच मंद आचेवर सुकवलं. फडक्यावर काळं येत राहिलं तरी घासत बसू नका, तो मळ नसून बराचसा ग्राफाइट असतो. कोमट तव्यावर सूर्यफुलाचं तेल चोळलं, आणि मग जणू लावलंच नव्हतं इतकं पुसून काढलं. 230 अंशांवर तासभर ओव्हनमध्ये पालथा, तिथेच थंड. सगळं यश त्या पुसण्यात आहे. तापून घट्ट बसलेला तेलाचा हा थर (सीझनिंग) चिकट राहिला तर तेल जास्त झालं असं समजा. जवसाच्या तेलाचा थर फोटोत अप्रतिम दिसतो, पण पुढे कपचे उडतात, त्यामुळे मी त्याच्या नादी लागत नाही. तव्यावर तीन थर झालेत, रंग तपकिरी आहे. काळेपणा वापराने येईल, त्याची घाई नाही. रोजच्या साबणाने हा थर जात नाही, आंबट पदार्थ मात्र त्यात बराच वेळ ठेवू नयेत.

आता तो पॅन. तेलाचा काळा हात सोड्याने उतरताच बुडाशी गुलाबीसर, खरखरीत डाग दिसले. कुणीतरी किटण काढायला तो भर आगीत टाकला होता. इतक्या उष्णतेने धातूचा पृष्ठभागच बदलतो आणि थर तिथे धरत नाही. तडा नाही, बूड किंचित फुगलंय. इलेक्ट्रोलिसिसने खवले बरेच गेले, पण पहिला थर डागांवर निस्तेजच बसला. आणखी दोन थर देऊन मंद आचेवर वापरून बघणार आहे. तिथे पदार्थ चिकटतच राहिले तर पॅन फक्त कोरडं भाजायला ठेवीन. अशा डागांवर कुणी बारीक सँडपेपर मारून थर टिकवला असेल तर धातू किती घासावा लागला, ते सांगा.