कडा पिवळी, पिल्लू हिरवं

घरातली बहुतेक झाडं बोलकी असतात. पीस लिलीला पाणी घालायचं राहिलं की ती अशी मान टाकते की बघणाऱ्याला वाटावं संपलं आता सगळं, आणि पाणी घातलं की काही तासांत परत ताठ. मनी प्लांट पान पिवळं करून दाखवतो. स्नेक प्लांट मात्र काही म्हणजे काही सांगत नाही. तहान लागली तरी उभं, पाणी जास्त झालं तरी उभं, आणि मग कधीतरी धूळ पुसायला म्हणून पान धरावं तर ते बुडापासून अलगद हातात येतं, खालचा भाग मऊ, लिबलिबीत आणि वास मारणारा. म्हणजे मातीखाली कितीतरी दिवस राडा चालू होता आणि वर पत्ताच नाही.

त्यामुळे या झाडाबद्दल 'किती दिवसांनी पाणी घालू' हा प्रश्नच मला फारसा पटत नाही. दिवस मोजून काय होणार, माती बघायची. एक लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसायची, बाहेर काढल्यावर ओली माती चिकटलेली दिसली तर पाण्याचा तांब्या परत ठेवून द्यायचा. माती पार तळापर्यंत कोरडी झाली की मगच पाणी, आणि तेव्हा मात्र भरपूर, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि बशीत साठलेलं ओतून टाकायचं. थंडीत तर झाड जवळजवळ झोपलेलंच असतं, तेव्हा हात अजून आखडता.

लोक म्हणतात याला उजेड लागत नाही, कोपऱ्यात ठेवा. तर तसं नाहीये. अंधाऱ्या कोपऱ्यात ते तग धरतं, वाढत नाही, आणि वाढत नाही म्हणजे पाणीही पीत नाही, म्हणजे खिडकीजवळच्या कुंडीत जे पाणी भराभर सुकतं तेच पाणी कोपऱ्यातल्या कुंडीत साचून मुळं कुजवतं. खिडकीजवळचा भरपूर पण थेट कडक ऊन नसलेला उजेड मिळाला तर बघा कसं फोफावतं.

आणि हे झाड रात्री ऑक्सिजन देतं, हवा शुद्ध करतं वगैरेही लोक म्हणतात. याच्या पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा बहुतेक बंद असतात आणि रात्री उघडतात, पाणी वाचवायची ही कोरड्या जागेतली युक्ती आहे, रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेडात वापरायचा. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच, तो काही अंधारात तयार होत नाही. हवा शुद्ध करण्याचं जे सगळीकडे सांगतात तो नासाचा 1989 चा अभ्यास, तो बंद पेटीतला होता. 2019 मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा हिशोब असा निघाला की नेहमीच्या खेळत्या हवेइतकं काम करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. मग माणसांनी उभं कुठे राहायचं? दिसायला देखणं आहे एवढं कारण मला पुरतं. हां, घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर उंचावर ठेवा, पानांत सॅपोनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, चावलं तर उलट्या होतात.

आता खरी मजा, रोपं करणं. एक निरोगी पान कापायचं, त्याचे तीन-चार इंचांचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाची खालची बाजू लक्षात राहावी म्हणून तिकडे तिरका काप द्यायचा, कारण उलटा लावलेला तुकडा मुळं धरत नाही, नुसता उभा राहतो. दोन-तीन दिवस काप सुकू द्यायचा. मग वाळू किंवा परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) मिसळलेल्या मोकळ्या मातीत खोचा नाहीतर पाण्यात ठेवा, पाण्यात निदान मुळं दिसतात, बिचाऱ्या उतावळ्यांना तेवढाच आधार. मुळांनाच काही आठवडे लागतात आणि पिल्लू वर यायला कित्येक महिने, त्या काळात तुकडा जसाच्या तसा असतो, ना वाढतो ना सुकतो. आणि तो वाढणारही नाही कधी, त्याच्या बुडाशी नवा कोंब येतो आणि तोच पुढे झाड होतो.

पण पिवळ्या कडेच्या पानाचं पिल्लू साधं हिरवं निघतं! अनेकांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, उजेड कमी पडला, खत कमी पडलं. तसं काही नसतं. त्या पानात दोन जनुकीय प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात, कडेच्या पेशींत हरितद्रव्य नाही आणि मधल्या पेशींत आहे, आणि तुकड्याला फुटणारा कोंब त्या हिरव्या पेशींतून येतो. पिवळी कडा पानावर दिसते पण पानातून पुढे जात नाही. मला स्वतःला ती हिरवी पिल्लं जास्त आवडतात, अंगावरचे आडवे पट्टे त्यांच्यात नीट उठून दिसतात, पण हे मत कुणाला पटत नाही, सगळ्यांना पिवळी कडाच हवी असते.

तर त्यांच्यासाठी विभागणी. झाड मातीखाली जाड आडवं खोड पसरवत जातं आणि जागा संपली की प्लॅस्टिकच्या कुंडीचं पोट फुगवतं, कधी तडाही देतं. (हे एकदाच काय ते झाड स्वतःहून सांगतं.) तेव्हा कुंडी आडवी करून सगळा गड्डा बाहेर काढायचा, माती झटकायची आणि धारदार स्वच्छ सुरीने ते खोड असं कापायचं की प्रत्येक भागाला पानं आणि थोडी मुळं राहतील. यात पिवळी कडा टिकते. नवी कुंडी मुळांपेक्षा जेमतेम मोठी घ्यायची, जास्तीची माती म्हणजे जास्तीचा ओलावा. कापलेल्या जागा सुकू द्यायच्या, मग लावायचं, आणि लावल्यावर आठवडाभर पाणी नाही.