ट्रायल सॉफ्टवेअरला लॉक कसलं लावायचं? माझा अनुभव

दुकानांसाठी जीएसटी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवलं तेव्हा बिलिंगपेक्षा जास्त डोकं लायसन्सिंगने खाल्लं, म्हणून लिहितोय, कुणाचा तरी वेळ वाचेल.

आधी सरळ 30 दिवसांची ट्रायल ठेवली, लोक पीसीची तारीख मागे करून वापरत राहिले. मग तारीख मागे गेली की लॉक, असा चेक टाकला. आणि पहिला फोन आला तो पैसे भरलेल्या खतवाल्या काकांचा! ऐन जून, पेरणीची गर्दी, दुकानात रांग आणि स्क्रीनवर माझा लॉकचा मेसेज. काकांनी काहीच केलं नव्हतं, जुन्या पीसीचा सीमॉसचा सेल (पीसी बंद असतानाही तारीख-वेळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी) गेलेला, लाईट गेली की तारीख आपोआप कितीतरी वर्षं मागे. "अहो, मी पैसे दिलेत ना तुम्हाला?" एवढंच म्हणाले. फार लागलं ते.

मग मदरबोर्डच्या (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डच्या) सिरियल नंबरवरून लायसन्स की, म्हणजे त्याच पीसीवर चालणारा कोड, बनवली, तर दोन वेगळ्या गावातल्या पीसींचा आयडी एकच! बघतो तर नंबरच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' (म्हणजे 'बनवणाऱ्या कंपनीने भरायचं') एवढंच, असेंबल्ड मशीनमध्ये बऱ्याचदा तो भरलेलाच नसतो. हार्डडिस्कचा व्हॉल्यूम नंबर घ्यावा तर फॉरमॅट मारला की बदलतो. ऑनलाइन ॲक्टिव्हेशन म्हणावं तर निम्म्या दुकानात नेट नाही.

शेवटी दिवस मोजणं सोडलं, 100 बिलं फ्री दिली, आणि मोजणी बिलांच्याच डेटाबेसमधून, म्हणजे पुन्हा ट्रायल हवी तर स्वतःची बिलं, उधारी सगळं पुसावं लागतं. लायसन्स फाईलमध्ये दुकानाचं नाव आणि 15 अक्षरी जीएसटी नंबर, त्यावर माझ्या प्रायव्हेट कीने (फक्त माझ्याकडे असलेल्या गुप्त कोडने) केलेली डिजिटल सही, सॉफ्टवेअरमध्ये फक्त पब्लिक की (तिने सही तपासता येते, करता येत नाही), एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. बिलावर छापतो तो हाच नंबर, त्यामुळे फाईल शेजाऱ्याला दिली तरी दुसऱ्याच्या नंबरावर बिल फाडायला कोण धजणार? पीसी बदला, फॉरमॅट मारा, फाईल टाकली की चालू. (जीएसटी नंबर नसलेल्या छोट्या दुकानांना फक्त नाव आणि मोबाईल नंबर, तिथे थोडं ढिलं आहे, असू दे.)

ठरवून क्रॅक करणारा चेकच काढून टाकेल, डॉटनेटचा (मायक्रोसॉफ्टच्या ज्या प्लॅटफॉर्मवर सॉफ्टवेअर बनवलंय त्याचा) कोड उघडणं अवघड नाही. पॅकर (कोड गुंडाळून लपवणारं टूल) लावून पाहिला तर अँटीव्हायरस माझ्याच फाईलला व्हायरस म्हणायला लागला, काढून टाकला. जो पैसे देणारच नाही त्याला अडवायला काकांचं काउंटर मला बंद पाडायचं नाही.

नवीन व्हर्जन टाकायला काकांकडे स्वतः गेलो, सीमॉसचा सेलही बदलून दिला.